चौथ्या दिवशी बारी

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले तेव्हा माझ्या स्वागताचं पहिलं वाक्य होतं, "म्याडम, बांगड्या काढा, नखं दाखवा, अन् आत गेल्यावर बोलू नका." नोकरीचं पत्र, डॉक्टरेटची प्रत, पुण्याच्या सरांची शिफारस, सगळं मी फायलीत नीट लावून आणलं होतं. ते कुणी उघडूनही पाहिलं नाही. नखं मात्र दोन्ही हातांची उलटसुलट करून पाहिली गेली आणि उजव्या करंगळीचं नख नापास झालं. नेलकटर दोऱ्याला बांधून दाराशीच लटकवलेलं होतं.

नखं पाहणाऱ्या होत्या सुलोचना मेश्राम. तंत्रज्ञ म्हणून त्या या प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा मी शाळेत असेन. माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी उंची, सुती साडीवर चढवलेला हिरवा गाऊन, कानामागे पेन्सिल. पेन त्या वापरत नसत, कारण स्पिरिटनं शाई पुसली जाते. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

आमच्याकडे तापाचे नमुने येत. चंद्रपूर आणि शेजारचा, अशा दोन जिल्ह्यांतल्या गावागावांतून रक्ताच्या नळ्या बर्फात घालून आणल्या जात आणि बहुतेकांचा निकाल यंत्र काही तासांत देऊन टाकी. पण विषाणू खरोखर हाताशी हवा असला, तर तो वाढवावा लागतो, आणि तो साखरपाण्यावर वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून आधी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पोषक द्रवात, पेशी पोसायच्या. त्या बाटलीच्या तळाला चिकटून पसरतात, सगळा तळ भरून टाकतात, आणि मग त्यांना उपटून नव्या बाटलीत पातळ लावावं लागतं. दर चौथ्या दिवशी. नाहीतर मरतात. या चौथ्या दिवसाला बाई 'बारी' म्हणत. आमच्या पेशी मुळात कधीकाळी कुठल्याशा माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या. "माकडाच्या जातीच्या हायेत, म्हनून इतक्या खोडील," असं बाईंचं मत होतं.

या पेशी त्यांनी अकरा वर्षं अखंड जगवल्या होत्या. अडचण एवढीच की त्या बाईंच्याच हातात जगत. माझ्याआधी दोघे जण शिकायला येऊन, पेशी मारून, बदली घेऊन गेले होते. बाई पुढच्या जुलैअखेर निवृत्त होणार होत्या आणि आमच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं की बाई गेल्या की पेशींची खोली बंद करायची. वातानुकूलित खोली, तिथं कचेरीचं रेकॉर्ड छान राहील. तसं पत्रही टाइप करून त्यांच्या टेबलावर होतं, फक्त तारीख घालायची बाकी. मी तिसरी आणि शेवटची उमेदवार.

बाईंनी मला शिकवलं ते धानाच्या भाषेत: पऱ्हे म्हणजे भाताची रोपं, बांधी म्हणजे खाचर, रोवणा म्हणजे लावणी. त्यांचं गाव मूल तालुक्यातलं, घरची दोन एकर धानाची शेती. वडिलांनी लोकांच्या बांधीत रोवणा करून पोरीला विज्ञान घेऊन बारावी केलं होतं. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली ती गुणपत्रिका अजून टांगलेली होती. "हे पाहा म्याडम," त्या म्हणत, "बाटली भरली म्हंजे पऱ्हे तयार झाले. दाट पऱ्हे तसेच ठेवले तं पिवळे पडतात. मंग उपटाचे, पन मुळं तोडाचे नाई. दुसऱ्या बांधीत पातळ रोवाचे. झालं. याच्यात डाक्टरकी कायची?"

डॉक्टरकी होतीच. पेशी तळावरून सोडवायला एक द्रव घालतात. तो दोन मिनिटं जास्त राहिला तर पेशी मरतात, कमी राहिला तर सुटत नाहीत. पुस्तकात वेळ दिलेली असते. बाई घड्याळ बघत नसत. बाटली उजेडाकडे तिरपी धरून, एक डोळा मिटून बघत, आणि तळावरची साय हलल्यासारखी झाली की तळव्यावर बाटलीची एकच थाप मारत. ती थाप मी हजार वेळा पाहिली. मला ती अजून तशी येत नाही.

काम चालू असताना बाई कधीच बोलत नसत. तोंडाच्या वाफेतून जंतू जातात. गाळलेली हवा सोडणाऱ्या पंख्याच्या पेटीत हात घालून बसल्या की तासभर सगळा कारभार भुवयांवर. एक भुवई वर म्हणजे पिपेट द्या, दोन्ही वर म्हणजे काय करून ठेवलंस हे. बाहेर आल्या की मात्र तासाभराचं तुंबलेलं बोलणं एकदम सुटे. त्यांचे यजमान वडशाच्या नाटक मंडळीत पेटी वाजवत आणि हिवाळाभर गावोगाव असत. एकदा त्यांना न्यायला आले होते. काचेतून बायको गप्प बसलेली पाहून बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "म्याडम, हे पेटी केवढ्याले येते? घरी बसवाव म्हनतो."

साफसफाईच्या बाबतीत बाई देवालाही जुमानत नसत. खंडेनवमीला कचेरीतली मंडळी झेंडू, हळदकुंकू घेऊन यंत्रांची पूजा करायला निघत. बाईंनी पेशींच्या खोलीच्या दारात पाय रोवून सांगितलं, "फुलं बाहेर. कुंकू बाहेर. श्रद्धा आत चालते." शेवटी तडजोड होऊन सगळा झेंडू बाहेरच्या वाफेच्या भांड्याला वाहण्यात आला. निर्जंतुक करायचं भांडं ते, त्याला कशानं काही होत नाही.

त्यांच्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. व्याही तारीख ठरवायला बसले आणि बाईंनी पिशवीतून प्रयोगशाळेची वही काढली. "आमी मुहूर्त नाई पाहात," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बुद्धवंदना कोन्याबी दिवशी होते. पन बारी पाहा लागते." मुलाचे वडील शाळामास्तर. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि बारीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख गंभीरपणे कबूल केली. लग्नात बाई अर्धा दिवसच चिंतेत दिसल्या. ती चिंता मुलीची होती की माझ्या हातात सोडलेल्या बाटल्यांची, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

धीर होणार कसा? तोवर मी चार वेळा पेशी मारल्या होत्या. बाईंच्या बाटल्या एका फळीवर, माझ्या दुसऱ्या. द्रव तोच, उबेचं कपाट तेच, बारी तीच. त्यांच्या बाटलीचा तळ भरून येई, माझ्या बाटलीत पेशी गोल होऊन तरंगत. मी पुस्तकं उपसली, पुण्याला फोन केले. साहेब येता-जाता "काय, जिवंत?" असं विचारत. एके दिवशी बाईंनी माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढलं आणि दिवसभर नुसत्या बसून राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "सकाळपासून नऊ डाव बाटली काढून पाह्यली तुमी."

"लागल्यात की नाही ते बघत होते."

"रोवलेलं धान रोज उपटून पाहता काय, मुळं लागले का म्हनून? त्याइले गरम ऱ्हाऊ द्या, अंधारात ऱ्हाऊ द्या. एक रात जाऊ द्या, म्याडम. जीव आपल्या मनानं लागते."

तेव्हा मी मनातून चिडले. इतकं शिकून कुणी मला बाटलीकडे बघू नका म्हणून सांगावं? पण बघायचं थांबवलं, आणि पाचव्या खेपेला निम्म्या पेशी जगल्या. बाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून पाहिलं आणि एक भुवई वर केली. मी तिला शाबासकी समजले. त्यांना पिपेट हवी होती.

पेशी पोसायच्या कशासाठी, हे मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं होतं. एटापल्लीकडच्या एका गावात माणसं तापानं आणि सांधे धरल्यानं अंथरुणाला खिळली होती आणि यंत्राचा निकाल काही सरळ लागत नव्हता. बाईंनी दोन भरलेल्या बाटल्या घेतल्या. एकीत नमुन्याचे चार थेंब घातले, दुसरीत काही नाही. तुलनेसाठी एक बाटली तशीच ठेवतात. तिला बाई 'घरची' म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "म्याडम, या. तुडतुडा पडला."

मी भिंगातून पाहिलं. भरल्या तळात ठिकठिकाणी गोल गोल भोकं पडली होती. भरात आलेल्या धानात तुडतुडा हा किडा लागला की असेच गोल गोल करपलेले चट्टे पडतात, हे मला नंतर त्यांच्या शेतात दिसलं. विषाणू पेशी खात सुटला होता. म्हणजे तो हाती आला होता. पुढे नेमका कोणता ताप ते कळलं आणि त्या गावात कोणत्या डासाच्या मागे लागायचं ते ठरलं. मी आनंदानं टाळी वाजवली. बाई हसल्या, पण लगेच ती भोकं पडलेली बाटली वाफेच्या भांड्यात टाकायला स्वतः घेऊन गेल्या. परत येताना म्हणाल्या, "अकरा वर्सं पोसाचं, अन् खाले द्याचं. बरं हाय, घरची बाटली असते. नाईतं मन लागलं नसतं माहं."

मार्च उजाडला आणि आमच्यावर आफत आली. एका सोमवारी बाईंच्या सगळ्या बाटल्या गढूळ. माझ्याही. भिंगाखाली पेशींच्या मध्ये गोल गोल किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, मणी, कुठे जोडीनं, कुठे माळेनं. बाटल्या टाकल्या, राखून ठेवलेल्या उघडल्या, चार दिवसांत त्याही गढूळ. बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं. माझं डोकं धुतलं का, डबा कुठे उघडला, चपला कुठे काढल्या. सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली लालसूभाऊंनी. लालसूभाऊ मडावी आमचे परिचर, भामरागडकडचे, बाटल्या धुण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेब तर सरळ म्हणाले, "जंगलातून काय काय अंगावर घेऊन येतो कोण जाणे." लालसूभाऊंनी बाटल्या तिसऱ्यांदा धुवायला घेतल्या.

शेवटची बाटली गेली त्या दिवशी बाईंनी उघड्या ताटल्या मांडल्या. जंतू पकडायची ती साधी रीत: जेलीची ताटली कोपऱ्या-कोपऱ्यात उघडी ठेवायची आणि दोन दिवसांनी कुठे जास्त ठिपके उगवले ते बघायचं. छताजवळ हवा आत येते त्या झरोक्याखालची ताटली नुसती खचाखच भरली होती. त्या झरोक्याचं तोंड गच्चीवर. आम्ही सगळे जिना चढलो. बाई पुढे, मग मी, लालसूभाऊ, मागे धापा टाकत साहेब.

गच्चीवर, झरोक्याच्या अगदी तोंडाशी, दोन सुपं भरून मोहफुलं वाळत घातलेली. ऊन लागून त्यांचा गोड, आंबूस वास सुटला होता. मोहात साखर भरलेली. किण्वाला दुसरं काय हवं?

साहेबांनी लालसूभाऊंकडे पाहिलं. "बघा. तुझाच ना हा मोह?"

लालसूभाऊंची नजर सुपांवर गेली. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या.

"माहा होय."

कुणालाच समजलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, "माहा होय, साहेब. आमच्या वावराच्या धुऱ्यावरचा. गावी वांदरं ठेवत नाईत, म्हनून इथी आनून टाकला. पोरीले लाडू कराचे होते, दिवस गेले हायेत तिले." मग त्या लालसूभाऊंकडे वळल्या. "तुमाले मालूम होतं, भाऊ?"

"पान्याच्या टाकीवर चढलो तवा पाह्यलं होतं, बाई. सुपं तुमचीच होती."

"मंग काऊन नाई सांगतलं? मी इतकी बोलली तुमाले."

"मोहा वाळू घालाले कोनी मना करते काय?" लालसूभाऊ म्हणाले. त्यांच्या गावी मोह वाळत घातला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. मग इथल्या बाटल्या त्यानं बिघडतात, हे त्यांच्या डोक्यात कसं यावं?

बाईंनी तिथंच, साहेबांसमोर, लालसूभाऊंना हात जोडले. त्या खाली आल्या आणि वही काढली. बाटल्या खराब झाल्याची नोंद करायच्या त्या वहीत 'कारण' म्हणून एक रकाना असतो. त्यात त्यांनी पेन्सिलीनं नाही, माझं पेन मागून शाईनं लिहिलं: 'मेश्राम यांचा मोह.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी आजवर पाहिलेल्या सरकारी कागदांत इतका खरा कागद दुसरा नाही.

पण पेशी गेल्या त्या गेल्याच. साहेबांनी टेबलावरचं पत्र काढलं. "आता जुलैपर्यंत तरी कशाला थांबायचं?" असं त्यांनी म्हटलं तेव्हा बाई पहिल्यांदाच अडखळल्या. "साहेब, मले पंधरा दिवस द्या. राजुऱ्याले तीन कुप्या हायेत."

झालं होतं असं: आमचं द्रवरूप नायट्रोजनचं भांडं काही वर्षांपूर्वी गळायला लागलं, आणि नवीन काही मिळेना. तेव्हा बाईंनी पेशींच्या तीन कुप्या गोठवून थेट राजुऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवल्या होत्या. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तिथे नायट्रोजनची भांडी भरलेली असतात. वळूंच्या शेजारी एका कोपऱ्यात आमची माकडं, कुपीवर 'मेश्रामबाई' अशी चिठ्ठी. आम्ही जीपनं गेलो तेव्हा डॉक्टरांनी भांड्यात चिमटा घालता घालता विचारलं, "बाई, नक्की तुमचंच देतोय ना? नाहीतर बाटलीत गोऱ्हा व्हायचा." तीन आठवड्यांत बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी दोनच कुप्या घेतल्या. तिसरी तिथेच राहू दिली.

पहिली कुपी वितळवली, एकही पेशी लागली नाही. दुसरी वितळवताना बाई घड्याळ बघत होत्या. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली सगळ्या तळात मिळून पंचवीस-तीस पेशी चिकटलेल्या. रुजलेल्या. बाईंनी बाटली परत ठेवली, कपाटाचं दार लावलं आणि दारापुढे स्टूल टाकून बसल्या. "आता कोनी उघडाचं नाई. मी बी नाई." बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, लाईट जाऊन-येऊन, आणि आतलं सदतीस अंशांचं कपाट म्हणजे चंद्रपुरातली सगळ्यात थंड जागा. बाईंनी कपाटाभोवती ओलं पोतं गुंडाळून ठेवलं आणि मागे कूलर लावला. लालसूभाऊ पोत्यावर पाणी शिंपत. सोळाव्या दिवशी बाटली भरली. साहेबांनी एक दिवस जास्त झाल्याचं मोजलं नाही, हेही सांगायला हवं.

लाडू आम्ही व्हरांड्यात खाल्ले. पहिला लालसूभाऊंना.

जुलैचा शेवटचा दिवस नेमका बारीचा निघाला. बाईंनी तो तसा आधीच मोजून ठेवला असेल, असा मला संशय आहे. निरोपाचा नारळ, शाल, भाषणं दुपारी होती. सकाळी त्यांनी मला गाऊन चढवायला लावला आणि स्वतः काचेच्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. "मी पाहात नाई. तुमी करा." मी बाटली तिरपी धरली, एक डोळा मिटला, साय हलली, तळव्यावर थाप मारली. ती थाप बाईंच्या थापेसारखी वाजली नाही. दोन नव्या बाटल्यांत पेशी लावल्या, कपाट बंद केलं. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळपरेंत नाई पाहाचं." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या गाऊनच्या खिशात ठेवली आणि मग भाषणं ऐकायला गेल्या.

मी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी तीन वेळा कपाटापर्यंत जाऊन परत आले, पण पाहिलं नाही. या पेशी गेल्या तर खोली गेली, आणि बाईंची अकरा वर्षं रेकॉर्डच्या गठ्ठ्यांखाली गेली, हे मला कपाटाच्या मुठीला हात लावताना दर वेळी आठवे.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दाराशी कुणीतरी उभं दिसलं. बाईच. साडी खोचलेली, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. गावी पहाटे धरलेला रोवणा अर्धा टाकून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. चपला सवयीनं बाहेर काढलेल्या.

"या ना बाई आत," मी म्हटलं.

"मी कायले? मी आता बाहेरची." बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही, हा नियम त्यांनीच दारावर लिहून लावला होता. "पाह्यलं काय तुमी?"

"नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"मंग पाहा."

मी बाटली काढून भिंगाखाली धरली. पेशी लागल्या होत्या. लांबट, टोकदार, एकमेकींकडे हात पसरलेल्या, सगळ्या तळभर. मला एकदम रडूच आलं, आणि रडताना तोंड उघडायचं नाही म्हणून ओठ दाबून मी मान वर केली. बाईंनी काचेला नाक लावलं होतं. त्या बाटलीकडे बघतच नव्हत्या, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी एक भुवई वर केली. या खेपेला पिपेट नको होती.

मी गाऊन उतरवून बाहेर येईतो त्या निघून गेल्या होत्या. खिडकीतून दिसलं, लालसूभाऊ फाटकापाशी हात दाखवून बस थांबवत होते आणि बाई चपला हातात घेऊन अनवाणीच पळत होत्या. अकरा वाजता साहेब आले, भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि टेबलावरचं ते पत्र पुन्हा कुणाला दिसलं नाही.

दाराच्या काचेवर बाईंच्या नाकाचा आणि कपाळाचा ठसा राहिला होता. रोज सकाळी सगळ्या काचा स्पिरिटनं पुसायच्या, हाही त्यांचाच नियम. मी ती काच त्या दिवशी पुसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बारी होती. त्या दिवशी पुसली.